दूरस्थ ग्रहांचे वर्णपट आणि मराठी विज्ञानलेखन : एक चिकित्सक विचार

सारांश

सूर्यमालेबाहेरील तरुण महाकाय ग्रहांविषयीचे आजचे ज्ञान मुख्यतः निकट अवरक्त वर्णपटांच्या अभ्यासावर उभे आहे. हे ज्ञान प्रत्यक्ष दर्शनाचे नसून प्रकाशाच्या वाचनाचे आहे. मराठीतील लोकप्रिय विज्ञानलेखनात या वाचनाचा निष्कर्ष तेवढा येतो, वाचन येत नाही. त्यामुळे वाचकाच्या हाती ज्ञानाऐवजी वार्ता राहते. प्रस्तुत लेखात या उणिवेची परिभाषा आणि निवेदन या दोन अंगांनी चिकित्सा केली असून, ग्लीझ २२९ बी व एचआर ८७९९ या दोन उदाहरणांच्या आधारे वेगळ्या लेखनपद्धतीची शक्यता तपासली आहे.

१. प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातील येरमाळा येथे चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. त्या रात्री आकाश निरभ्र असले तरी मोजकेच तारे दिसतात. बाकीचे कोठे गेलेले नसतात. चंद्रप्रकाशाने उजळलेल्या आकाशात ते लोपलेले असतात. अमावास्येला त्याच माळावरून आकाश गच्च भरलेले दिसते. हा अनुभव ग्रामीण भागातील कोणाही विद्यार्थ्याचा आहे. दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह आपल्याला का दिसत नाही, या प्रश्नाचे उत्तर या अनुभवातच आहे. ग्रह असतो, पण ताऱ्याच्या तेजात तो लोपतो.

सूर्यमालेबाहेरील ग्रहांविषयी मराठी वृत्तपत्रे, मासिके व पुस्तके यांतून बरेच लिहिले गेले आहे. परंतु उपरोक्त अनुभवापासून वर्णपटापर्यंत वाचकाला पायरीपायरीने नेणारे लेखन विरळा आढळते. माहिती पुष्कळ असते; ती कशी मिळाली हे सांगितलेले नसते. शालेय शिक्षण मराठीतून घेऊन महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे. विज्ञानाशी त्यांचा पाठ्यपुस्तकाबाहेरील परिचय बव्हंशी अशाच लेखनातून होत असतो.

२. विषयाचे स्वरूप : मंद प्रकाशाचे वाचन

गुरू हा आपल्या सूर्यमालेतील सर्वांत मोठा ग्रह होय. तथापि दूरवरून पाहणाऱ्याला दृश्य प्रकाशात तो सूर्यापेक्षा सुमारे शंभर कोटी पटींनी मंद दिसेल. नुकत्याच जन्मलेल्या महाकाय ग्रहाची गोष्ट वेगळी असते. वायू व धूळ आकुंचन पावताना निर्माण झालेली उष्णता त्याच्यात शिल्लक असते आणि हजार केल्विनच्या घरातील तापमानामुळे तो स्वतःच्या उष्णतेने प्रकाशतो. हा प्रकाश प्रामुख्याने अवरक्त असतो. हजार केल्विन तापमानाच्या वस्तूचे उत्सर्जन सुमारे ३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. या पट्ट्यात ग्रह आणि तारा यांच्या तेजातील तफावत खूप कमी होते. म्हणूनच तरुण महाकाय ग्रह थेट वेगळे करून पाहता येतात.

येथे ‘तरुण’ हा शब्द जपून घ्यावा लागतो. एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीच्या ग्रहांचे वय सुमारे चार कोटी वर्षे मानले जाते. येरमाळ्याच्या परिसरातील बालाघाटाचा काळा कातळ दख्खनच्या लाव्हापासून बनला असून त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे. म्हणजेच पायाखालचा खडक या ग्रहांहून जुना आहे. सुमारे ४५४ कोटी वर्षांच्या पृथ्वीच्या तुलनेत हे ग्रह अद्याप बाल्यावस्थेत आहेत.

एचआर ८७९९ हा तारा सुमारे १३३ प्रकाशवर्षे दूर असून महाश्व तारकासमूहात, पूर्वाभाद्रपदेच्या दोन ठळक ताऱ्यांजवळ आहे. दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास तो येरमाळ्याच्या जवळजवळ माथ्यावर येतो. नुसत्या डोळ्यांनी दिसण्याच्या अगदी सीमेवर त्याचे तेज आहे. ख्रिश्चन मारवा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केक आणि जेमिनी दुर्बिणींच्या साहाय्याने त्याच्या तीन ग्रहांच्या प्रतिमा २००८ मध्ये प्रसिद्ध केल्या. चौथा ग्रह २०१० मध्ये जाहीर झाला.

प्रतिमेत ग्रह हा केवळ एक ठिपका असतो. त्या ठिपक्याचा प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवला की खरा अभ्यास सुरू होतो. प्रत्येक रेणू ठराविक तरंगलांबींचा प्रकाश शोषतो. पाण्याची वाफ १.४ व १.९ मायक्रोमीटरच्या आसपास रुंद खाचा पाडते, कार्बन मोनॉक्साइडची ओळखीची पट्टी २.२९ मायक्रोमीटरपासून सुरू होते, तर मिथेनची खूण १.६ व २.२ मायक्रोमीटरच्या पुढे उमटते. अडचण अशी, की पृथ्वीच्या वातावरणातही पाण्याची वाफ आहे व तीही हाच प्रकाश शोषते. त्यामुळे भूपृष्ठावरील दुर्बिणीला वातावरणाच्या मोजक्या ‘खिडक्यां’तूनच पाहावे लागते आणि आपल्या हवेने उमटवलेल्या खुणा वेगळ्या काढाव्या लागतात. उरलेल्या प्रकाशाची तुलना निरनिराळी तापमाने, गुरुत्व, ढग व रासायनिक घटक गृहीत धरून संगणकावर रचलेल्या प्रतिमानांशी केली जाते. ‘ग्रहावर पाणी आहे’ या एका वाक्यामागे एवढी प्रक्रिया असते.

३. ग्लीझ २२९ बी : एका वाचनाचा इतिहास

या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा एकाच उदाहरणात पाहावयाची असेल, तर ग्लीझ २२९ बी या खस्थ वस्तूचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरते. महाराष्ट्राशीही त्याचा संबंध आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ मध्ये जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी हे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे कार्यरत असताना त्यांनी नाकाजिमा, ओपनहायमर आदी सहकाऱ्यांसह सुमारे १९ प्रकाशवर्षांवरील एका तांबड्या बटू ताऱ्याशेजारी ही अतिमंद वस्तू शोधली. हे संशोधन १९९५ मध्ये जाहीर झाले. फ्लॉरेन्स येथील ज्या परिषदेत मेयर व केलोझ यांनी ५१ पेगॅसी या ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर केला, त्याच परिषदेत याही शोधाची घोषणा झाली. दूरच्या ग्रहांच्या अभ्यासाचे दोन मार्ग असे एकाच ठिकाणी उघडले. पहिल्या मार्गात ग्रह न पाहता ताऱ्याच्या डोलण्यावरून त्याचे अनुमान होते. दुसऱ्यात मंद वस्तूचा स्वतःचा प्रकाश वाचला जातो. योगायोग असा, की ५१ पेगॅसी आणि एचआर ८७९९ हे आकाशात एकमेकांपासून सुमारे अडीच अंशांवर आहेत.

प्रतिमेवरून ग्लीझ २२९ बी हा तारा की अन्य काही, हे ठरणे कठीण होते. निर्णय दिला तो निकट अवरक्त वर्णपटाने. त्यात मिथेनची ठळक खूण होती. ताऱ्याच्या पृष्ठभागाच्या उष्णतेत मिथेनचा रेणू टिकू शकत नाही. गुरूच्या वर्णपटात मात्र तो दिसतो. त्यामुळे ही वस्तू तारा होण्याइतकी उष्ण नाही, हे निर्विवाद झाले. हायड्रोजनचे स्थिर ज्वलन करू न शकणाऱ्या वस्तूंना ‘तपकिरी बटू’ म्हणतात. अशा निर्विवादपणे सिद्ध झालेल्या आरंभीच्या वस्तूंत ग्लीझ २२९ बीची गणना होते. महाकाय ग्रह आणि तारा यांमधील या वस्तूवर तपासलेली रीतच पुढे तरुण ग्रहांना लागू झाली.

परंतु कथा येथे संपली नाही. ताऱ्याच्या गतीवर होणाऱ्या परिणामावरून पुढे या वस्तूचे वस्तुमान काढले गेले, तेव्हा ते गुरूच्या सुमारे सत्तर पट भरले. एवढी जड वस्तू इतकी मंद असू नये, असे सिद्धांत सांगत होता. प्रकाश एक सांगत होता, गती दुसरेच. हा पेच २०२४ मध्ये सुटला. चिली येथील व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या निरीक्षणांतून असे आढळले, की ग्लीझ २२९ बी ही एक वस्तू नसून दोन आहेत. गुरूच्या सुमारे ३८ व ३४ पट वस्तुमानाच्या या जोडीची एकमेकींभोवती सुमारे १२ दिवसांत एक प्रदक्षिणा होते. जिला एकोणतीस वर्षे एक मानले, ती जोडी निघाली.

१९९५ चे वाचन यामुळे खोटे ठरले काय? तसे म्हणता येणार नाही. मिथेन तेव्हाही होता, आजही आहे; तारा नसल्याचा निष्कर्षही अबाधित आहे. बदलले ते वाचनाचे सूक्ष्मत्व. काय टिकले आणि काय बदलले हे वेगळे करून दाखवणे, हे विज्ञानलेखनाचे काम आहे. कुलकर्णी यांना २०२४ मध्ये शॉ पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांचे जन्मगाव व नातेसंबंध यांचा उल्लेख मराठीत अभिमानाने झाला. तो योग्यच होय. तथापि कुरुंदवाडचे नाव घेताना मिथेनचे नाव राहून जावे, ही गौरवपर लेखनाची मर्यादा आहे.

४. परिभाषेचा प्रश्न

या विषयावर मराठीत लिहिताना पहिली अडचण येते ती शब्दांची. सूर्यमालेबाहेरील ग्रहासाठी ‘परग्रह’, ‘बाह्यग्रह’ व ‘बहिर्ग्रह’ असे शब्द वापरले जातात. यांपैकी ‘परग्रह’ हा शब्द विज्ञानकथा व चित्रपट यांमुळे ‘परग्रहवासी’ या कल्पनेला चिकटलेला आहे. शब्द उच्चारताच त्यावर कोणीतरी राहत असल्याचे सूचित होते. ‘बहिर्ग्रह’ आणि ‘बाह्यग्रह’ या शब्दांना खगोलशास्त्रात आधीच एक अर्थ आहे. बुध-शुक्र हे अंतर्ग्रह, तर मंगळ, गुरू, शनी इत्यादी बहिर्ग्रह, ही विभागणी मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. एकच शब्द शनीलाही आणि १३३ प्रकाशवर्षांवरील ग्रहालाही लावला, तर गोंधळ अपरिहार्य आहे. लांब वाटला तरी ‘सूर्यमालेबाहेरील ग्रह’ हाच प्रयोग अर्थाच्या दृष्टीने निर्दोष ठरतो.

‘वर्णपट’ हा शब्द सुंदर आहे, परंतु येथे तोही फसवा ठरू शकतो. ‘वर्ण’ म्हणजे रंग. अवरक्त प्रकाशाला मानवी डोळ्याच्या दृष्टीने रंगच नाही. प्रसिद्ध प्रतिमांतील तांबडे-निळे रंग सोयीसाठी दिलेले असतात. हे न सांगता अशी प्रतिमा ‘ग्रहाचे छायाचित्र’ म्हणून छापली, की तो ग्रह तांबडा आहे असा वाचकाचा समज होतो. ‘धातू’ या शब्दाची अडचण याहून मोठी आहे. हायड्रोजन व हेलियम वगळता सर्व मूलद्रव्यांना खगोलशास्त्रज्ञ धातू म्हणतात. त्यांत कार्बन व ऑक्सिजनही येतात. ‘हा ग्रह धातूंनी समृद्ध आहे’ असे शब्दशः लिहिल्यास मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लोखंड-तांबे उभे राहील. अशा वेळी ‘जड मूलद्रव्ये’ असे साधे शब्द अधिक प्रामाणिक ठरतात.

खुद्द ‘ग्रह’ हा शब्दही ओझ्यापासून मुक्त नाही. ग्रहदशा, ग्रहशांती, पत्रिकेतील घरे या मार्गाने तो घराघरांत पोहोचलेला आहे. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या असता अचूकतेचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. नाणेफेकीने यापेक्षा कमी साधत नाही. या चाचणीचे महत्त्व निष्कर्षापुरते नाही. दावा कसा तपासावा, हे तिने उघडपणे दाखवले. दूरच्या ग्रहांविषयीच्या लेखनातही हीच अपेक्षा आहे. केवळ ‘शास्त्रज्ञ सांगतात’ म्हणून विश्वास ठेवावयाचा असेल, तर वाचकाच्या दृष्टीने शास्त्रज्ञ आणि ज्योतिषी यांत फरक उरत नाही.

५. निवेदनाचा प्रश्न

दुसरी अडचण निवेदनाची आहे. ‘दूरच्या ग्रहावर पाणी सापडले’ या धर्तीच्या वाक्याचा विचार करावा. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ‘पाणी लागले’ या शब्दांना विहीर आणि विंधनविहीर यांचा संदर्भ असतो. हजार केल्विनच्या ग्रहावर असे पाणी असू शकत नाही. तेथे असते ती वाफ, तीही अतितप्त वातावरणात मिसळलेली. त्याऐवजी ‘ग्रहाकडून आलेल्या प्रकाशात पाण्याच्या वाफेने शोषलेल्या पट्ट्या आढळल्या’ असे लिहिता येते. हे वाक्य चार शब्दांनी लांब आहे. परंतु त्यात पुरावा काय आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष कोणता, हे दोन्ही येते.

आकड्यांबाबतही असेच घडते. एचआर ८७९९ सी या ग्रहाच्या वर्णपटात केक दुर्बिणीवरील ओसिरिस उपकरणाने पाणी व कार्बन मोनॉक्साइड यांच्या रेषा वेगवेगळ्या दाखवल्या. हे संशोधन क्विन कोनोपॅकी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. कार्बन व ऑक्सिजन यांचे गुणोत्तर त्यांनी सुमारे ०.६५ काढले. सूर्यासाठी हे गुणोत्तर सुमारे ०.५५ आहे. या लहान फरकाला महत्त्व आहे, कारण त्यात ग्रहाच्या जन्माची कथा दडलेली असू शकते. ताऱ्यापासून दूर, थंड भागात पाणी गोठते व त्यातील ऑक्सिजन बर्फात अडकतो. उरलेल्या वायूत कार्बनचे प्रमाण तुलनेने वाढते. आधी घन गाभा आणि मग त्यावर असा वायू, या क्रमाने ग्रह बनला असल्यास गुणोत्तर ताऱ्याहून वेगळे दिसू शकते. तबकडीचा एखादा भाग एकदम कोसळून ग्रह बनला असल्यास ते ताऱ्याच्या जवळपास राहावे.

पुढे त्याच उपकरणाच्या अनेक वर्षांच्या निरीक्षणांवर आधारित २०२१ मधील विश्लेषणात या मालेतील तीन ग्रहांचे गुणोत्तर ०.५५ ते ०.५८ च्या दरम्यान, म्हणजे ताऱ्याच्या जवळपास आले. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२५ मध्ये या ग्रहांवर कार्बन डायऑक्साइडच्या खुणा जाहीर झाल्या व जड मूलद्रव्यांच्या विपुलतेवरून घन गाभ्याच्या पक्षाला पुन्हा बळ मिळाले. म्हणजे प्रश्न अजून वाहता आहे. २०१३ चा आकडा त्रुटीच्या मर्यादेशिवाय उद्धृत करणारा लेख माहितीपूर्ण दिसेल, परंतु तो वाचकाला चुकीच्या खात्रीकडे नेईल.

मिथेनबाबतही हे पाहण्यासारखे आहे. ग्लीझ २२९ बीमध्ये मिथेनच्या उपस्थितीने निर्णय दिला. एचआर ८७९९ च्या ग्रहांत मात्र तापमानाच्या मानाने अपेक्षित असलेला मिथेन फार कमी आढळला. कमी गुरुत्वाच्या या ग्रहांत खालच्या तप्त थरांतील कार्बन मोनॉक्साइड मिथेनमध्ये रूपांतरित होण्यापूर्वीच वर ढवळला जातो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. येथे उणीव हीच खूण ठरली. ‘काय सापडले’ एवढेच विचारणाऱ्या निवेदनात अशा उणिवेला जागा नसते.

या त्रुटींचे परिणाम जीवसृष्टीविषयीच्या वार्तांत अधिक तीव्रतेने जाणवतात. के२-१८ बी हा तरुण महाकाय ग्रह नव्हे. त्याचा अभ्यासही वेगळ्या रीतीने, तो ताऱ्यासमोरून जाताना होतो. त्याच्या वातावरणात जैविक उगमाचा संभाव्य रेणू असल्याचा दावा २०२५ मध्ये झाला, तेव्हा संशोधकांनीच खात्रीची पातळी निर्णायक नसल्याचे नमूद केले होते व इतरांनी त्याच नोंदींचे वेगळे विश्लेषण करून शंकाही घेतल्या. ज्या वाचकाला वर्णपटाचे वाचन माहीत आहे, तो अशा वार्तेकडे उत्सुकतेने आणि सावधपणे पाहू शकतो. ज्याला ते माहीत नाही, त्याला मानणे किंवा झिडकारणे एवढेच पर्याय उरतात.

६. आक्षेप आणि परंपरेचा आधार

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की वृत्तपत्रीय स्तंभाची जागा अपुरी असते आणि पद्धतीच्या तपशिलाने सामान्य वाचक कंटाळतो. आक्षेपात तथ्य आहे. परंतु पद्धत सांगणे म्हणजे समीकरणे देणे नव्हे. पौर्णिमेच्या आकाशाचे एक उदाहरण, शोषलेल्या पट्ट्यांचे एक वाक्य आणि निष्कर्ष कितपत पक्का आहे याची एक नोंद, एवढ्याने बरेच साधते.

मराठीत याला पूर्वाधार आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने मातृभाषेतून विज्ञान पोहोचवण्याचे कार्य केले. तिच्या १९७४ च्या कथास्पर्धेत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. नावाकडे न पाहता मजकूर तपासला जावा, ही त्यामागील भूमिका वैज्ञानिकाला शोभणारी होती. विश्वोत्पत्तीच्या प्रश्नावर स्वतः अल्पमतात असलेल्या या लेखकाने बहुमताचा सिद्धांतही मराठी वाचकाला समजावून दिला. २०२१ मध्ये नाशिक येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, यातून विज्ञानलेखन हा साहित्यव्यवहाराचाच भाग असल्याला मान्यता मिळाली. २०२५ मध्ये त्यांच्या निधनानंतर ही जबाबदारी पुढील लेखकांवर व अध्यापकांवर आली आहे.

साधनेही जवळची आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागातून सिद्ध झालेले निकट अवरक्त वर्णपटमापक हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बिणीवर व नैनितालजवळील देवस्थळ येथील ३.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर बसवले गेले. तरुण तारे व तपकिरी बटू यांच्या अभ्यासाला ती उपयुक्त आहेत. या कार्याची ओळख करून देणारे लेखन मराठीत झाल्यास हा विषय परदेशी वार्तेपुरता राहणार नाही.

७. निष्कर्ष

१) तरुण महाकाय ग्रहांविषयीचे ज्ञान प्रकाशाच्या वाचनातून सिद्ध होते, ते वाचन वगळणारे लेखन विषयाचा गाभाच वगळते.

२) ‘परग्रह’, ‘बहिर्ग्रह’, ‘वर्णपट’, ‘धातू’ या शब्दांचे रूढ अर्थ लक्षात घेऊनच त्यांचा वापर व्हावा, आवश्यक तेथे साधे वर्णनात्मक शब्द स्वीकारावेत.

३) निरीक्षण, अनुमान आणि त्याची अनिश्चितता या तीन गोष्टी लेखनात वेगवेगळ्या दाखवाव्यात. ग्लीझ २२९ बीचा १९९५ ते २०२४ हा प्रवास त्याचा नमुना पाठ ठरू शकतो.

४) स्थानिक अनुभव आणि परिसर यांचा आधार घेतल्यास हा विषय ग्रामीण महाविद्यालयांतही समर्थपणे शिकवता येतो.

एचआर ८७९९ चे ग्रह येरमाळ्याच्या माथ्यावरून जातील, तेव्हा ते कोणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाहीत. मात्र ते तेथे आहेत हे कशावरून, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने मराठीतून विचारला, तर त्याला मराठीतूनच पुराव्यासह उत्तर मिळाले पाहिजे. मराठी विज्ञानलेखनाचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावे.